थांबणाऱ्यांचं गाव

आमच्या दुकानासमोर दोनशे लिटरचं एक डांबराचं पिंप होतं. आतून घासून, उन्हात तापवून, पुन्हा घासूनही त्याचा वास शेवटपर्यंत गेला नाही. पण त्यातलं पाणी पिण्यासाठी नव्हतंच, ते गाड्यांसाठी होतं. शेजारी सुतळी बांधलेले पत्र्याचे दोन डबे आणि खिळ्याला लटकवलेलं एक जाड फडकं. घाट चढायच्या आधी ट्रक आमच्यापुढे थांबायचा. क्लीनर उडी मारून उतरायचा, बॉनेट उघडायचा, फडकं हाताला गुंडाळून रेडिएटरचं झाकण हळूहळू सैल करायचा. फुस्स करून वाफ यायची. ती ओसरली की डब्यानं पाणी. या पाण्याचे पैसे अण्णांनी कधी घेतले नाहीत. "पाण्याचे घेतले तर चहाचे मिळत नाहीत," एवढंच त्यांचं अर्थशास्त्र होतं, आणि त्यावर आमची तिघा भावंडांची शिक्षणं झाली.

हे खोपोलीतलं. बोरघाटाच्या पायथ्याचं.

मुंबईकडून येणारा माणूस पनवेल, चौक, खालापूर असा सपाटीनं येतो आणि आमच्या गावाशी आला की सह्याद्री त्याच्यासमोर भिंतीसारखा उभा राहतो. खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर, लोणावळा सहाशेच्या वर. मधलं अंतर पंधरा-एक किलोमीटर. आताच्या गाडीत बसलेल्या माणसाला हे आकडे कळत नाहीत, कानात दडे बसतात तेवढंच. पण साठ-सत्तर सालच्या ट्रकला ते चांगलेच कळायचे. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर कण्हत चढताना इंजिन तापायचं, म्हणून खाली पाणी घ्यायचं. वरून उतरणाऱ्यांचं दुखणं वेगळं. ब्रेक दाबून दाबून लायनर तापायचे आणि त्याचा जळकट वास गाडी दिसायच्या आधी आमच्यापर्यंत यायचा. "आली बघ एक," असं अण्णा किटलीवरची नजर न काढता म्हणायचे. मग तो ट्रक कडेला लागायचा, ड्रायव्हर चाकांवर पाणी मारायचा, घाम पुसत बाकावर बसायचा. उतरणारा माणूस चढणाऱ्यापेक्षा जास्त साखरेचा चहा घेतो, हे मला आठव्या वर्षी माहीत होतं. जिवावरचं टळलेलं असतं ना.

थोडक्यात, आमचं गाव दुसऱ्यांच्या थांबण्यावर जगत होतं. पंक्चरवाले, ट्रकच्या स्प्रिंगा दुरुस्त करणारे कमानपाटेवाले, वेल्डर, वडेवाले, रात्री खाट भाड्यानं देणारे. एसटीचा लाल डबा तर थांबायचाच, पण एशियाड या निमआराम गाड्यांचे ड्रायव्हरसुद्धा काहीतरी निमित्त काढून पाच मिनिटं गाडी उभी करायचे. प्रवासी खाली उतरून पाय मोकळे करायचे आणि समोरच्या डोंगराकडे बघून म्हणायचे, "आता घाट!" जणू घाट त्यांनाच चढायचा होता.

आणि हे काही मोटारी आल्यावर सुरू झालेलं नाही. गावात नाना फडणवीसांनी बांधलेला मोठा तलाव आहे, काठावर विरेश्वराचं देऊळ. लहानपणी वाटायचं, पेशव्यांच्या कारभाऱ्याला पुण्यातलं सोडून इथं तळं बांधायची हौस का आली असेल? पुढे कळलं की यात हौस नव्हती, हिशेब होता. घाटावर जाणारं आणि घाटावरून उतरणारं सगळं सामान तेव्हा बैलांच्या पाठीवरून जायचं. मीठ वर, धान्य खाली. शेकडो जनावरांचा तांडा घाट चढायच्या आधी पाणी पिणार कुठं? पायथ्याशी. म्हणजे अण्णांचं पिंप हा नानांच्या तलावाचाच धाकटा भाऊ. हे मी एकदा अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "नानांना म्युनिसिपालिटीची नोटीस आली नसेल." दुकान रस्त्याच्या हद्दीत थोडं पुढे आलेलं होतं, त्यावरून नेहमीच काही ना काही चालू असायचं.

बैलगाडी जाईल असा रस्ता घाटात झाला तो इंग्रजी अमलात. 10 नोव्हेंबर 1830 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो खुला केला. त्यानंतर आली आगगाडी, आणि त्या आगगाडीचा एक अध्याय आमच्या गावाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुलाची लाइन 1856 मध्ये खोपोलीला येऊन थांबली. पुढे डोंगर. वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ टाकून 1858 मध्ये गाडी सुरूही झाली, पण मधला घाट बाकी होता. तेव्हा मुंबईचा साहेब, शेटजी, शास्त्रीबोवा, जो कोण असेल तो, खोपोलीला आगगाडीतून उतरायचा आणि पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचा. वर खंडाळ्याला त्याच्यासाठी दुसरी आगगाडी उभी असायची. पाच वर्षं हे असं चाललं. त्या पाच वर्षांत खोपोलीत काय गजबज असेल याची कल्पना मी अनेकदा केली आहे. भोई, हमाल, तट्टूवाले, फराळाची दुकानं, भाड्यावरून हुज्जती. अख्खी मुंबई-पुण्याची वर्दळ या एका गावात पायउतार होत होती.

मग 1863 मध्ये बोरघाटातली रेल्वे पुरी झाली. ती कर्जतहून पळसदरीमार्गे सरळ वर खंडाळ्याला गेली आणि खोपोली एका फाट्याच्या टोकाला राहिली. आजही कर्जतहून खोपोलीला लोकल येते आणि खोपोलीलाच संपते. त्या स्टेशनात पुढे जायला रूळच नाहीत. गावाला पहिली हुलकावणी तिथं मिळाली.

मधल्या काळात गावाला दुसरा धंदा मिळाला. टाटांनी वर लोणावळ्याकडे तलाव बांधले, पाणी नळांतून घाटाखाली सोडलं आणि 1915 मध्ये खोपोलीच्या केंद्रातून वीज मुंबईच्या गिरण्यांकडे जाऊ लागली. तेच पाणी टर्बाइन फिरवून पाताळगंगेत जातं, म्हणून आमची नदी उन्हाळ्यातही वाहते. डोंगरावरून पाणीसुद्धा आमच्याकडे उतरतं, घटकाभर काम करतं आणि पुढं जातं. मग मोटारी आल्या, मुंबई-पुणे रस्ता राष्ट्रीय महामार्ग चार झाला, आणि पळून गेलेली वर्दळ शंभर वर्षांनी पुन्हा गावात आली. अण्णांचं दुकान या दुसऱ्या डावातलं.

नव्वद सालानंतर नव्या रस्त्याची, म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची, बोलणी पेपरात यायला लागली. जुना रस्ता तुंबला होता हे खोटं नाही. दोन पदरी अरुंद रस्ता, मध्ये पांढरा पट्टा, तोही पावसाळ्यानंतर पुसलेला. एका दहाचाकीमागे वीस गाड्या, आणि प्रत्येकाला आत्ताच पुढे जायचंय. पुण्याला पोचायला चार तास, पाच तास, नशीब फिरलं तर रात्र. 1996 मध्ये राज्य सरकारनं रस्ते विकास महामंडळ काढलं, पुढच्या वर्षी हे काम त्याच्याकडे दिलं आणि 1998 च्या सुरुवातीला ते सुरू झालं. नितीन गडकरी तेव्हा बांधकाम मंत्री. खासगी कंपनीची निविदा नाकारून महामंडळानं रोखे काढून पैसा उभा केला आणि रस्ता सुमारे 1,630 कोटींत, म्हणजे त्या निविदेच्या निम्म्याहून कमी पैशांत, झाला, ही गोष्ट ते अजूनही रंगवून सांगतात. तेव्हा मात्र चहाच्या बाकावर कुणाचा विश्वास नव्हता. "एन्रॉनची वीज आणि पुण्याचा रस्ता," असं म्हणून लोक हसायचे.

अण्णांचं मत वेगळं होतं. ते म्हणायचे, रस्ता होईल, पण घाट कुठं जाणार आहे? रस्ता कितीही मोठा करा, चढ तेवढाच. इंजिन तापणारच. तापलं की पाणी लागणारच.

इथं अण्णा चुकले. एक तर गाड्या बदलल्या. ज्या वर्षांत रस्ता होत होता त्याच वर्षांत अँबॅसिडर आणि पद्मिनी रस्त्यावरून कमी होत गेल्या आणि न तापणाऱ्या गाड्या आल्या. आणि दुसरं म्हणजे नव्या रस्त्याची सगळी कल्पनाच अशी होती की कुणी थांबू नये. कळंबोलीपासून देहूरोडजवळच्या किवळ्यापर्यंत 94.5 किलोमीटर. जायला तीन पदर, यायला तीन, मध्ये दुभाजक, दोन्ही कडांना कुंपण. सगळा काँक्रीटचा. सिग्नल नाही, चौक नाही, समोरून कुणी येत नाही, आडवं कुणी जात नाही. डोंगर आला तर बोगदा: भाताण, माडप, आडोशी, खंडाळा, कामशेत. गाव आलं तर वरून पूल किंवा खालून मोरी. देशातला या जातीचा हा पहिला रस्ता. 2000 साली त्याचे काही तुकडे उघडले आणि 1 मार्च 2002 पासून पूर्ण रस्ता वाहता झाला.

पहिल्यांदा मी त्या रस्त्यावरून गेले ती मामाच्या गाडीतून. खरं सांगायचं तर मला तो रस्ता आवडला, आणि हे अण्णांना सांगायची चोरी वाटली. काँक्रीटवर टायरचा येणारा एकसुरी आवाज, बोगद्यात शिरताना अचानक बदलणारा उजेड, मधल्या पट्ट्यात कण्हेरीची झुडपं. समोरच्या दिव्यांचा झोत डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती लावतात, हे मामानं सांगितलं. आमचं गाव आलं केव्हा आणि गेलं केव्हा ते कळलंच नाही. 'खोपोली' असा निळा फलक डोक्यावरून गेला, बस्स. जन्म गेला त्या गावात आणि मी त्याच्या बाजूनं ताशी ऐंशीच्या वेगानं निघून गेले. मागे वळून पाहिलं तर नुसती कण्हेर.

दुकानावर परिणाम एका दिवसात झाला असं नाही. आधी मोटारी गेल्या, मग आरामबस, मग एशियाड. ट्रक बरेच दिवस राहिले, कारण टोल वाचवायला जुना रस्ता सोयीचा होता. रोज सकाळी लागणारं दूध वीस लिटरवरून बारावर आलं, मग आठवर. शेजारचा पंक्चरवाला यूपीचा, तो एके दिवशी कॉम्प्रेसर टेम्पोत घालून कळंबोलीला गेला. कमानपाटेवाल्यानं मुलाला कंपनीत चिकटवला. खाटा भाड्यानं देणाऱ्या आजींच्या खाटा पावसात भिजून गेल्या. कुणी मोर्चा काढला नाही, कारण काढायचा कुणाविरुद्ध? तुमच्या दारात थांबायची सक्ती तर कुणावर करता येत नाही. पूर आला, आग लागली तर पंचनामा होतो. गिऱ्हाईक येईनासं झालं याचा पंचनामा होत नाही.

दुकानदारांचं हे असं. शेतकऱ्यांचं निराळं आणि जास्त अवघड. आम्ही 'डिव्हायडर' म्हणतो ती गोष्ट रस्त्याच्या मध्यावर असते असं वाटतं. माझ्या आत्याला विचारा. ती मावळात दिलेली. तिचं घर रस्त्याच्या एका अंगाला आणि भाताची खाचरं दुसऱ्या अंगाला राहिली. जमीन गेली तिचे पैसे आले, त्यातून घराला स्लॅब पडला, एक म्हैस आली, थोडे भाऊबंदकीत गेले. पण उरलेल्या खाचरात जायचं कसं? सरळ रेषेत गेलं तर हाक मारण्याएवढं अंतर. पण सरळ जाता येत नाही, खाली मोरी आहे तिथपर्यंत चालायचं, पलीकडे निघायचं आणि तेवढंच उलट यायचं. पावसाळ्यात मोरीत गुडघाभर पाणी. आत्या म्हणायची, "शेत डोळ्यांसमोर हाय, पण परगावला गेल्यागत वाटतं." औताचे बैल मोरीतून नेताना वरून गाड्यांचा धडधडाट ऐकून बिथरायचे, म्हणून शेवटी तिनं ते खाचर वाट्यानं दिलं.

आणि ज्या रस्त्यासाठी जमीन गेली त्यावर जायला आत्याच्या मुलाला मनाई. त्याच्याकडे मोटारसायकल होती. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, ट्रॅक्टरला, बैलगाडीला, पायी चालणाऱ्याला बंदी. वेगाचा विचार केला तर हे नियम बरोबरच आहेत, शंभरच्या वेगात बैलगाडी आली तर काय होईल ते सांगायला नको. पण आजूबाजूच्या गावांत जी वाहनं होती नेमकी तीच सगळी त्या यादीत होती. ज्या रस्त्याला गावातलं एकही वाहन चालत नाही, तो रस्ता गावात असतो की गावावरून?

म्हणूनच 9 ऑगस्ट 2011 ची गोष्ट मला कधी फक्त पाण्याची वाटली नाही. पवना धरणाचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायची योजना होती आणि मावळातल्या शेतकऱ्यांचा तिला विरोध होता. त्या दिवशी ते जमले कुठं, तर कामशेतजवळ बऊरला, द्रुतगती मार्गावर. रस्ता अडवला. पोलिसांनी गोळीबार केला, तीन माणसं मेली, त्यात एक बाई. पुढे चौकशा झाल्या, राजकारण झालं. मी टीव्हीवर ती दृश्यं बघत होते तेव्हा डोक्यात एकच विचार येत होता. नऊ-दहा वर्षांत ही माणसं या काँक्रीटवर बहुधा पहिल्यांदाच पाय ठेवत असतील. कचेरीत अर्ज दिला तर तो फायलीत जातो, गावात सभा घेतली तर पेपरात चार ओळी येतात. पण मुंबई आणि पुणे यांच्यामधली ही एक शीर त्यांच्या शेताशेजारून जात होती, आणि ती दाबली तरच दोन्ही शहरांना कळ लागणार होती. थांबवणं एवढंच त्यांच्या हातात होतं.

आता दुसरी बाजू न सांगता पुढे गेले तर तो खोटेपणा होईल. जुन्या रस्त्यानं माणसं फार मारली. आमच्या दुकानातल्या बाकांनी जखमींसाठी किती वेळा स्ट्रेचरचं काम केलं याची मोजदाद नाही. ओव्हरटेक करताना समोरासमोर धडक, हा त्या रस्त्याचा ठरलेला अपघात. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील तसेच गेले, सायमाळच्या अलीकडे. दुभाजकानं या एका प्रकाराला आळा घालायचा होता, आणि बराच घातलाही. पण मधला तो पट्टा सुरुवातीला म्हणजे मातीचा उंचवटा आणि झुडपं. सुटलेल्या गाडीला तो अडवू शकत नव्हता. 23 डिसेंबर 2012 ला पलीकडच्या बाजूनं एक टेम्पो दुभाजक ओलांडून आला आणि आनंद अभ्यंकर, अक्षय पेंडसे आणि पेंडशांचं दोन वर्षांचं बाळ गेलं. अख्खा महाराष्ट्र हळहळला. मधल्या पट्ट्यात तारेचे दोर लावा ही मागणी त्यानंतर जोरात झाली, पुढे ते टप्प्याटप्प्यानं लागलेही. 2016 या एका वर्षात त्या रस्त्यावर 151 माणसं मेली होती. नंतरच्या वर्षांत एका स्वयंसेवी संस्थेनं महामंडळ आणि पोलिसांबरोबर काम करून एकेक धोक्याची जागा शोधली, बुजवली, आणि हा आकडा खाली आला.

अपघात झाला की अजूनही धावून जातात ती खोपोलीचीच पोरं. त्यांचा व्हॉट्सअॅपवर गट आहे. निरोप आला की गॅरेजवाला, किराणावाला, रिक्षावाला, जो असेल तो काम टाकून निघतो. ज्या रस्त्यानं त्यांच्या बापांचा धंदा नेला त्याच रस्त्यावर रात्री दोन वाजता ही पोरं पत्रा कापून माणसं बाहेर काढत असतात. मी एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, घाटाखाली राहतो ना आपण. वरून जे येईल ते आपलंच."

थांबण्याची माणसाला गरज असतेच, हे रस्ता बांधणाऱ्यांनाही कळलं. म्हणून खालापूरला फूड मॉल झाला. तिथं प्रचंड पार्किंग, स्वच्छतागृहं, दक्षिणेपासून पंजाबपर्यंतचं सगळं खाणं आणि हो, वडापावही. फरक एवढाच की पूर्वी थांबणं गावभर विखुरलेलं होतं, आता ते एका आवारात गोळा झालं. पूर्वी गाडी जिथं तापायची तिथं माणूस थांबायचा. आता थांबायची जागा आधीच ठरलेली असते, तिचा फलक पाच किलोमीटर आधी लागतो. माझा चुलतभाऊ तिथं काउंटरला बरीच वर्षं होता. पगार वेळेवर, ड्रेस कंपनीचा. तो म्हणायचा, "गिऱ्हाईक भरपूर, पण चेहरा एकाचाही लक्षात राहत नाही." अण्णांना कोल्हापूरच्या, सोलापूरच्या, हुबळीच्या ड्रायव्हरांच्या मुलींची लग्नं कधी झाली तेसुद्धा माहीत असायचं.

अण्णांनी नंतर जमवून घ्यायचा प्रयत्न केला. दुचाक्यांना नव्या रस्त्यावर बंदी असल्यामुळे पावसाळ्यात शनिवार-रविवारी मोटारसायकलवाल्या पोरापोरींचे जथेच्या जथे जुन्या रस्त्यानं घाटात जातात. त्यांना कांदाभजी आणि भाजलेलं कणीस चालतं, चहा कटिंग लागतो आणि मॅगी हवी असते. अण्णांना मॅगी कधीच जमली नाही. त्यात ते फोडणी घालायचे. 2009 मध्ये दुकान बंद झालं आणि पिंप भंगारवाल्यानं नेलं.

जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगरानं दाखवली, बक्षीस काय हवं विचारल्यावर त्यानं स्वातंत्र्य मागितलं, आणि त्याला गोळी घातली, असं सांगतात. इतिहासाच्या कसोटीला ही कथा किती टिकेल ते असो, पण जुना प्रत्येक ड्रायव्हर तिथं गाडी हळू करून नाणं टाकायचा. वाट दाखवणाऱ्याला दिलेला तो टोलच. द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्याला शिंग्रोबा लागत नाही. पुढे टोलनाक्यावर फास्टॅग आपोआप पैसे कापून घेतो, त्याला हात जोडायची गरज नसते.

जुन्या घाटाची आणखी एक खूण होती, अमृतांजन पूल. 1830 चा, दगडी, कमानींचा. जाहिरातीच्या पाटीमुळे त्याला ते नाव पडलं. द्रुतगती मार्ग नेमका त्याच्या कमानींखालून गेला आणि तिथं रस्ता आवळला गेला, कारण दगडी खांब बाजूला सरकत नाहीत. एकशे नव्वद वर्षांचा तो पूल पाडायला रस्ता मोकळा मिळत नव्हता. मग एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदी आली, देशातली सगळी चाकं एकदम थांबली, आणि त्या थांबण्यात सुरुंग लावून तो पाडला. फोनवर व्हिडिओ आला तेव्हा अण्णा अंथरुणाला होते. त्यांनी तो तीनदा बघितला आणि म्हणाले, "कमान चांगली बसली होती रे." आम्हा मुलींनाही ते कधीकधी 'रे' म्हणायचे.

इतकं होऊनही घाट मात्र तसाच राहिला होता. घाटात काही अंतर जुना आणि नवा रस्ता एकच होतात, दोन्ही रस्त्यांची गर्दी सहा पदरांत शिरते, आणि जोडून सुट्टी आली की सगळं ठप्प. त्यावर उपाय म्हणून खोपोलीपासून कुसगावपर्यंत नवा रस्ता आखला, 'मिसिंग लिंक'. द्रुतगती मार्गाच्या 19 किलोमीटरऐवजी 13.3, त्यात जवळजवळ नऊ किलोमीटरचा एक बोगदा, दरीवर केबलवर टांगलेला पूल. 2019 मध्ये काम सुरू झालं. त्या पुलाचे खांब गावातून दिसायला लागले तेव्हा लोक संध्याकाळी बघायला जायचे. तेवढ्या उंचीवरून जाणाऱ्या माणसाला खोपोली हे दिव्यांचं एक ठिपकं असणार. हिशेब केला तर गावाला बगल द्यायची ही तिसरी खेप: 1863, 2002, आणि ही.

त्याच्या आधीच्या एका मे महिन्यातलं सांगते. महाराष्ट्र दिन शुक्रवारी-सोमवारी कुठंतरी जोडून आला होता. मी मुंबईहून पुण्याला परत चालले होते, आणि आडोशीचा बोगदा ओलांडल्यावर चढावर गाड्या उभ्याच राहिल्या. दहा मिनिटं, वीस, पाऊण तास. एसी लावून बसलेले लोक हळूहळू काचा खाली करू लागले, मग दारं उघडून उतरू लागले. पाय मोकळे करू लागले. कुणीतरी वर बघून म्हणालं, "हा घाट!" मला हसू आलं.

कडेच्या कुंपणाची जाळी एका जागी वाकवलेली होती. तिथून एक ठाकरीण बाई आली, डोक्यावर पाटी. पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं, आणि हातात प्लास्टिकचा पाच लिटरचा कॅन. गाड्यांच्या दोन रांगांमधून ती सावकाश चालत होती, बाजारात चालावं तशी. मी एक द्रोण घेतला. आंबटगोड, चिकानं ओठ चिकटले. "अजून किती वेळ लागेल?" मी उगीच विचारलं. ती म्हणाली, "तुमचं काय म्हाइत. मी हाय सांजपातूर."

आमच्या पुढच्या गाडीच्या बॉनेटमधून वाफ यायला लागली. पंचविशीतला एक मुलगा घाईघाईनं उतरला, बॉनेट उघडून त्यानं सरळ रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मी ओरडले, "थांबा! हात भाजेल, उघडू नका!" इतक्या मोठ्यानं की शेजारच्या गाडीतलं मूल रडायला लागलं. वीस मिनिटं थांबायला लावलं त्याला. मग माझी ओढणी घडी करून हाताला गुंडाळली आणि झाकण चतकोर फिरवलं. फुस्स. ती ओसरू दिली, पूर्ण सोडलं. बाईनं न विचारता कॅन पुढे केला. अर्धा कॅन रिकामा झाला.

मुलानं खिशातून फोन काढला आणि क्यूआर कोड शोधत तिच्याकडे पाहिलं. "मावशी, पाण्याचे किती?"

"पान्याचं काय घ्याचं?" ती म्हणाली. "करवंदं घ्या."